सूर्यास्तानंतर जप्ती नाही

भारतातल्या एका कायद्यात एक यादी आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, पोटापाण्यापुरती गुरे, बियाणे आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना. मंगळसूत्र हा शब्द त्यात नाही, पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दुसरे काय येणार? घरधनी कितीही कर्जात बुडालेला असो आणि कोर्टाचा बेलीफ जप्तीचे वॉरंट घेऊन दारात उभा असो, या वस्तूंना त्याने हात लावायचा नाही.

ही यादी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ या कायद्याच्या कलम ६० मध्ये आहे. दिवाणी दावा दाखल कसा करायचा, समोरच्याला कळवायचे कसे, पुरावा कधी द्यायचा, निकाल लागल्यावर तो पदरात कसा पाडून घ्यायचा, हे सांगणारा हा कायदा. विद्यार्थी तो कंटाळत पाठ करतात आणि पक्षकाराला त्याचे नावही ठाऊक नसते. पण माणूस पैसे कसे बुडवतो, शब्दांत कसा सटकतो, समन्स आले की घराला कुलूप कसे लावतो, याची इतकी बारीक जाण असलेली पुस्तके फार थोडी असतील.

त्यातही नवल असे की कोण बरोबर आणि कोण चूक याबद्दल ही संहिता अवाक्षर काढत नाही. शेताचा बांध कोणाचा, वडिलांच्या घरात बहिणीचा वाटा किती, भाडेकरूला बाहेर काढता येईल का, यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. ती उत्तरे वारसा कायद्यात, करार कायद्यात, भाडे कायद्यात शोधायची. संहिता सांगते ते एवढेच, की भांडायचे असेल तर असे भांडा. गोव्यात हे फार स्पष्ट दिसते. तिथे लग्नानंतरच्या मालमत्तेचे नियम पोर्तुगीज काळच्या नागरी संहितेतून आलेले आहेत. पण मुक्तीनंतर काही वर्षांनी, १९६५ च्या कायद्याने, भारताची प्रक्रिया संहिता तिथे लागू झाली. तेव्हापासून हक्क लिस्बनच्या परंपरेतला आणि त्यासाठीचा दावा मात्र म्हापशात चालतो तसाच महाडलाही चालतो.

अशा संहितेचा देशभरासाठीचा पहिला प्रयत्न १८५९ चा. तो १८७७ मध्ये बदलला, १८८२ मध्ये पुन्हा बदलला आणि शेवटी १९०८ मध्ये आजचा साचा तयार झाला. १ जानेवारी १९०९ पासून तो चालू आहे. त्याची बांधणी मोठी हुशारीची आहे. पुढच्या भागात १५८ कलमे, त्यांच्यामागे ५१ ‘आदेश’ आणि प्रत्येक आदेशाखाली नियम. कलमांना हात लावायचा तर कायदेमंडळात जावे लागते, पण नियम त्या त्या उच्च न्यायालयाला आपल्या भागापुरते बदलता येतात. रोज वापरून झिजणारा भाग कोणता आणि हलू नये असा भाग कोणता, हे रचणाऱ्यांनी आधीच वेगळे करून ठेवले. मुंबई उच्च न्यायालयाने केलेल्या दुरुस्त्या म्हणूनच पुस्तकांत वेगळ्या छापलेल्या असतात.

आता एक साधा दावा घेऊन आत शिरू. समजा, एकाने दुसऱ्याला एक लाख रुपये हातउसने दिले आणि दुसरा परत करत नाही. पहिला झाला वादी, दुसरा प्रतिवादी. वादीने दावा लिहायचा. त्यात काय लिहायचे? संहितेचे उत्तर कडक आहे: फक्त घटना. पुरावा लिहायचा नाही, कायद्याचा कीस काढायचा नाही. अमुक तारखेला एवढे पैसे दिले, अमुक तारखेला परत द्यायचे ठरले, मागितले, दिले नाहीत. बस. दोन वाक्यांत मावणारी गोष्ट बावीस पानांत लिहिणाऱ्या वकिलांनी हा नियम वाचला आहे की नाही, अशी शंका अधूनमधून येते.

महाराष्ट्रातल्या कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक कागदावर निशाणी पडते. दावा ही निशाणी १. जमिनीच्या वादात सोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असतो आणि त्याची निशाणी इतकी ठरलेली असते, की वकील नुसते ‘निशाणी पाच’ म्हणतात आणि समोरच्याला सगळे समजते. त्या अर्जावर न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात: प्रथमदर्शनी बाजू दिसते का, मनाई दिली किंवा नाकारली तर जास्त गैरसोय कोणाची आणि पैशांनी भरून न येणारे नुकसान होणार आहे का. मूळ दावा पुढे कितीही वर्षे चालो, खरी लढाई अनेकदा निशाणी पाचवरच होऊन जाते.

मग निघते समन्स. इथे संहिता जणू दाराआड उभी राहून पाहते आहे असे वाटते. प्रतिवादी घरी नाही? मग कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीच्या हाती द्या. नोकराच्या हाती दिले तर? चालणार नाही, नोकर हा या नियमापुरता कुटुंबातला नाही, असे स्पष्टीकरण तिथेच दिले आहे. १९०८ च्या मूळ नियमात तर सज्ञान ‘पुरुष’ असे होते. घरात सासू, सून, मुलगी अशा तिघी असल्या तरी बेलीफाला कागद त्यांच्या हाती देता येत नसे. १९७६ च्या दुरुस्तीने ‘पुरुष किंवा स्त्री’ असे झाले. कोणीच घेत नसेल तर बाहेरच्या दारावर चिकटवा आणि चिकटवले ते कोणाच्या देखत, हे लिहून आणा. माणूस मुद्दाम तोंड चुकवतो आहे अशी कोर्टाची खात्री पटली तर वर्तमानपत्रात जाहीर करा. प्रतिवादी फौजेत असेल तर समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवा. एवढा खटाटोप का, तर ज्याच्याविरुद्ध निर्णय होणार त्याला आधी कळले पाहिजे, या एका तत्त्वापायी.

प्रतिवादी हजर झाला की त्याने कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची. मुदत तीस दिवसांची, कारण दाखवून नव्वदपर्यंत वाढणारी. नव्वदनंतरही न्यायाधीशाला अपवाद म्हणून ती घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. ठरावीक रकमेपासून पुढच्या व्यापारी वादांत मात्र एकशे वीस दिवसांनंतर दार कायमचे बंद.

या कैफियतीच्या आदेशात माझा सर्वांत आवडता नियम आहे. आपल्या प्रतिवादीने लिहिले, ‘मला एक लाख रुपये मिळाले नाहीत.’ वाचायला साफ नकार आहे. पण त्याला नव्याण्णव हजार मिळाले असतील तरी हे वाक्य खरेच ठरते! संहितेने हे ओळखले आहे. ती म्हणते, असा नकार चालणार नाही. ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग मिळाला नाही असे म्हणा, नाही तर किती मिळाली ते सांगा. आणि जे विधान स्पष्टपणे नाकारले नाही ते सामान्यतः कबूल धरले जाईल. आपल्याकडच्या कैफियतींत प्रत्येक परिच्छेदाला ‘मजकूर खरा नाही व कबूल नाही’ हे पालुपद असते, ते या भीतीपोटी.

अशा उत्तरांचा विचार आपल्या भूमीत फार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. दाव्याला प्रतिवादी चारच प्रकारे उत्तर देऊ शकतो, असे तिच्यात आहे. खरे आहे, पैसे घेतले. खोटे आहे, घेतलेच नाहीत. घेतले होते, पण फेडले. किंवा या प्रकरणाचा निकाल पूर्वीच लागला आहे. आजच्या कोणत्याही तालुक्याच्या कोर्टातली कैफियत काढून पाहा, ती या चारांतल्या एका खणात जाते किंवा दोन-तीन खणांत एकदम पाय ठेवून उभी असते.

दावा आणि कैफियत समोरासमोर ठेवून न्यायाधीश मुद्दे काढतात. एकजण ठामपणे म्हणतो आणि दुसरा नाकारतो, तेवढेच मुद्द्यात येते. ज्यावर दोघांचे एकमत आहे ते गळून पडते. भावाभावांतले वीस वर्षांचे वैर, लग्नातला मानपान, आजीने कोणाला जास्त लाडावले, हे सगळे मागे राहते आणि कागदावर उरतात तीन-चार प्रश्न. वादीने पैसे दिले हे तो शाबीत करतो काय? प्रतिवादीने फेड केली हे तो शाबीत करतो काय? दावा मुदतीत आहे काय? मला विचाराल तर संहितेचा सगळा चमत्कार या पायरीवर आहे. एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेली माणसे निदान आपण कशावरून भांडतो आहोत यावर तरी एक होतात, आणि हे त्यांच्या नकळत होते. पुढची सरतपासणी, उलटतपासणी, युक्तिवाद हे सगळे त्या प्रश्नांपुरतेच.

प्रतिवादी आलाच नाही तर? दावा एकतर्फी चालतो. दोघेही आले नाहीत तर फेटाळता येतो. नुसता प्रतिवादी आला आणि मागणे मान्य नाही म्हणाला, तरी दावा फेटाळला जातो. वाचायला हे सरळ वाटते, पण या ‘एकतर्फी’ने महाराष्ट्राच्या इतिहासात आग लावली आहे, खरीखुरी आग. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली, आणि त्यांचा मुख्य रोख होता कागदांवर. कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे त्यांनी जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. सावकार दूरच्या कोर्टात दावा लावी, कुणबी तिथे पोहोचत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई आणि त्यावर जमीन जाई. दोघांना सारखाच लागू असलेला नियम लिहिता-वाचता येणाऱ्याच्या हातात हत्यार झाला. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायाधीशावरच जबाबदारी टाकली, की प्रतिवादीला समोर बोलावून त्याची जबानी घ्या आणि रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासा. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणेही त्याने बंद केले. या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून महादेव गोविंद रानडे यांनी काम केले.

आजच्या संहितेत एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची वाट आहे: समन्स नीट बजावले नव्हते किंवा न येण्याला सबळ कारण होते, हे पटवायचे. आणि त्यामागची दृष्टी कशी असावी हे १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगून ठेवले आहे. बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. प्रक्रिया न्याय सुकर करण्यासाठी आहे, लोकांना अडखळवून पाडण्यासाठी नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय. एका तारखेला गैरहजर राहिलेल्याला पुढच्या तारखेला येऊन भाग घेऊ द्यावा, हेही त्यात होते.

तारखांबद्दल लिहावे तेवढे थोडे. सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, असा नियम २००२ पासून अमलात आहे. कोर्टाची पायरी चढलेला वाचक इथे हसला असेल, तर हसू द्या.

दावा चालू असताना माणूस मरतो. हेही संहितेला ठाऊक आहे. त्यासाठी अख्खा आदेश २२ आहे. वारसांना नव्वद दिवसांत रेकॉर्डवर आणायचे, नाही तर मृतापुरता दावा संपतो. मात्र सुनावणी पुरी झाली आणि निकाल बाकी असताना मृत्यू झाला तर दावा संपत नाही; निकाल जणू मृत्यूआधीच दिला असे समजायचे. त्याच आदेशात, पक्षकार स्त्रीचे लग्न झाल्याने दावा थांबत नाही, असाही एक नियम आहे. मरण आणि लग्न एकाच प्रकरणात बसवणाऱ्या मसुदाकाराचे मला कौतुक वाटते.

निकाल लागला की त्याच प्रश्नावर तेच पक्षकार पुन्हा दावा लावू शकत नाहीत. हे कलम ११, मिताक्षरेतले चौथे उत्तर. पेशवाईत हीच गोष्ट वेगळ्या युक्तीने साधली जाई. हरलेल्याकडून येजितखत लिहून घेत: माझी बाजू खोटी ठरली, पुन्हा तक्रार करणार नाही. म्हणजे हरल्याची पावती हरणाऱ्याच्याच सहीची! जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. दोन्हीकडून खजिन्यात भर. आजचे कोर्ट-फी स्टँप त्यामानाने सभ्य म्हणायचे.

आपल्या वादीला एक लाखाचा हुकूमनामा मिळाला, असे धरू. त्याला वाटते आता संपले. पण भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचे वाक्य लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये लिहून ठेवले आहे. कारण हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. त्यासाठी वेगळी दरखास्त लावायची. तिचा आदेश २१ हा संहितेतला सर्वांत लांब आदेश, शंभराहून अधिक नियमांचा, आणि तो वाचताना मसुदाकाराने गाव पाहिले होते हे लक्षात येते. जमीन जप्त झाल्याचे कसे जाहीर करायचे? दवंडी पिटून किंवा तिथल्या रूढ पद्धतीने, जमिनीवरच किंवा तिच्या शेजारी. उभ्या पिकाची जप्ती असेल तर हुकमाची प्रत शेतात लावायची. नासणारा माल असेल तर तारखेची वाट न पाहता विकून टाकायचा.

आणि दार पुन्हा येते. जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरायचे नाही. बाहेरचे दार फोडायचे तर घर ऋणकोच्या ताब्यात हवे आणि त्याने आत घ्यायला नकार दिलेला हवा. आतल्या खोलीत पडदा पाळणारी बाई असेल तर तिला बाहेर जायला सवड द्यायची. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करायचीच नाही.

पुरुषाला करता येते. पण इथे संहिता एक अजब हिशोब मांडते. ऋणकोला दिवाणी तुरुंगात ठेवायचे तर त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता धनकोने भरायचा! ज्याने माझे पैसे बुडवले त्याला मीच पोसायचे, आणि भत्ता थांबला की त्याची सुटका. जास्तीत जास्त तीन महिने. रक्कम दोन हजारांच्या आत असेल तर तुरुंगच नाही. सुटला तरी कर्ज संपत नाही, पण त्याच हुकूमनाम्यासाठी पुन्हा अटकही नाही. रागाच्या भरात कोणी कोणाला आत टाकू नये यासाठी याहून साधी तजवीज सुचणे कठीण. त्याच्या जोडीला १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्पष्ट केले, की केवळ फेडता येत नाही म्हणून तुरुंग नाही. ऐपत असून जाणूनबुजून टाळले असेल तरच.

इतक्या दूरदृष्टीच्या पुस्तकात भोके नाहीत असे नाही. खोटा दावा लावून समोरच्याला छळणाऱ्याकडून जी भरपाई मिळते तिची कमाल मर्यादा कलम ३५-अ मध्ये तीन हजार रुपये आहे. आजच्या काळात ही थट्टा आहे. तडजोडीसाठी आणलेल्या कलम ८९ मध्ये तर मसुदाकाराने दोन संज्ञांच्या व्याख्यांची अदलाबदल करून टाकली होती, आणि त्या एकमेकींच्या जागी वाचाव्यात असे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असेही त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले आहे. उशिराचे खापर सर्रास या संहितेवर फुटते. मला ते निम्मेच पटते. मुदती, तहकुब्यांची मर्यादा, खर्चाचा दंड हे सगळे तिच्यात लिहिलेले आहे. ते वापरायला पुरेसे न्यायाधीश हवेत आणि ‘नाही’ म्हणायची तयारी हवी.

याच संहितेत १९७६ साली घातलेले कलम १५३-ब आहे. दिवाणी दावा जिथे चालतो ती जागा खुले न्यायालय समजायची आणि तिथे मावतील तेवढ्या लोकांना येऊ द्यायचे, असे ते सांगते. न्यायाधीशांनी एखाद्या प्रकरणात मनाई केली नसेल, तर तुमचा दावा असण्याची गरज नाही. एखाद्या दिवशी सकाळी अकराला तालुक्याच्या कोर्टात जा, मोबाइल बंद करा, मागच्या बाकावर बसा आणि एक उलटतपासणी ऐका.